चिनी भाषक परीक्षार्थी आणि इंग्रजीचा सराव : व्याकरण, शब्दसंग्रह व वाचन यांचा परस्परसंबंध

१. प्रस्तावना

चीनमध्ये विद्यापीठ प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या 'गाओकाओ' या राष्ट्रीय परीक्षेस २०२४ साली सुमारे १ कोटी ३४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. बहुतेक प्रांतांत या परीक्षेचे एकूण गुण ७५० असून त्यांपैकी १५० गुण परकीय भाषेला आहेत. परकीय भाषा म्हणून बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजीच घेतात. म्हणजे चिनी भाषा आणि गणित या विषयांइतकेच वजन इंग्रजीला आहे. महाविद्यालयात गेल्यावर 'कॉलेज इंग्लिश टेस्ट' या परीक्षेचे चौथ्या व सहाव्या स्तराचे टप्पे, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतील इंग्रजीचा पेपर आणि परदेशी जावयाचे झाल्यास टोफेल किंवा आयेल्ट्स अशी ही मालिका पुढे चालूच राहते. तैवानमध्येही २००० साली सुरू झालेली 'जनरल इंग्लिश प्रोफिशियन्सी टेस्ट' आणि टोइक या परीक्षांना विद्यार्थी व नोकरदार मोठ्या संख्येने बसतात.

इतक्या परीक्षा म्हटल्या की सराव आलाच. १९९३ साली बीजिंगमध्ये स्थापन झालेली 'न्यू ओरिएंटल' ही शिकवणी संस्था पुढे २००६ साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली, यावरून या सरावाच्या बाजारपेठेचा आवाका लक्षात यावा. तरीही चिनी समाजात 'मुके इंग्रजी' हा शब्दप्रयोग रूढ आहे. परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही ज्याला इंग्रजीत बोलता येत नाही, अशा विद्यार्थ्याच्या इंग्रजीला उद्देशून तो वापरला जातो. वर्षानुवर्षे हजारो प्रश्न सोडविणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरी भाषा का पडत नाही, हा प्रश्न केवळ चीनपुरता नाही. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या संचांवर विसंबून इंग्रजी शिकविणाऱ्या कोणत्याही अध्यापकाचा तो प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, सरावाचा उपयोग सोडविलेल्या प्रश्नांच्या संख्येवर अवलंबून नसून चुकीच्या कारणाचे निदान होते की नाही यावर अवलंबून असतो. चिनी भाषकांच्या बाबतीत हे निदान बऱ्याच अंशी मातृभाषेच्या रचनेतून करता येते. तसेच व्याकरण, शब्दसंग्रह व वाचन हे तीन वेगळे विभाग मानून केलेला सराव अपुरा ठरतो, कारण चूक एका विभागात दिसते आणि तिचे मूळ दुसऱ्या विभागात असते. लेखातील चिनी उदाहरणे प्रमाण चिनी म्हणजे मँडरीन भाषेतील आहेत.

२. परीक्षांच्या स्वरूपातील स्थित्यंतर

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली गाओकाओ १९७७ साली पुन्हा सुरू झाली. कॉलेज इंग्लिश टेस्टचा चौथा स्तर १९८७ साली, तर सहावा स्तर १९८९ साली सुरू झाला. चौथ्या स्तराच्या जुन्या प्रश्नपत्रिकेत 'शब्दसंग्रह व रचना' या नावाचा स्वतंत्र विभाग असे. त्यात तीस सुटी वाक्ये, प्रत्येकात एक रिकामी जागा आणि खाली चार पर्याय दिलेले असत. या विभागाला १५ टक्के गुण होते. सुटे वाक्य, सुटा नियम आणि सुटे उत्तर अशी ही पद्धत होती. अनेक विद्यापीठांनी पदवी देण्यासाठी या परीक्षेची अट घातल्यामुळे तिच्या प्रश्नप्रकारांनी वर्गातील अध्यापनाचेही रूप ठरविले. परीक्षेचा अध्यापनावर होणाऱ्या या परिणामास भाषा-मूल्यमापनशास्त्रात 'पश्चप्रभाव' म्हणता येईल.

२००५ पासून झालेल्या सुधारणांत उत्तीर्णतेची रेषा काढून ७१० गुणांच्या श्रेणीवरील गुणपत्रक देण्यात येऊ लागले. सुट्या वाक्यांचा विभागही नव्या प्रश्नपत्रिकेतून गेला. २०१३ च्या अखेरीस झालेल्या बदलानंतर लेखन १५ टक्के, श्रवण ३५ टक्के, वाचन ३५ टक्के आणि चिनीतून इंग्रजीत परिच्छेदाचा अनुवाद १५ टक्के अशी विभागणी झाली. शब्दसंग्रहाची परीक्षा आता वाचनाच्या विभागातच होते. तेथे एका उताऱ्यात दहा रिकाम्या जागा आणि खाली पंधरा शब्द असतात. पाच शब्द जादा असतात आणि एक शब्द एकदाच वापरावयाचा असतो.

गाओकाओच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकांतही हीच दिशा दिसते. पूर्वीचे सुटे बहुपर्यायी प्रश्न जाऊन त्यांच्या जागी व्याकरणाच्या दहा रिकाम्या जागा असलेला सलग उतारा आला. त्यातील बहुतेक जागांपुढे शब्दाचे मूळ रूप दिलेले असते व योग्य रूप विद्यार्थ्याने स्वतः लिहावयाचे असते. उरलेल्या जागांना काहीच आधार नसतो. नव्या स्वरूपाच्या प्रश्नपत्रिकेत २५ गुणांचा एक प्रश्न अर्धवट गोष्ट वाचून ती पुढे लिहिण्याचा आहे. थोडक्यात, 'नियम ओळखा' येथून 'मजकुरात भाषा वापरा' येथे परीक्षा सरकली आहे. सरावाची सवय मात्र प्रश्नपत्रिकेइतक्या वेगाने बदलत नाही, हीच खरी अडचण होय.

३. व्याकरण : चूक कोठून येते?

रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मांडलेल्या व्यतिरेकी विश्लेषणाच्या भूमिकेनुसार दोन भाषांच्या रचनेत जेथे भेद असतो तेथे शिकणाऱ्यास अडचण येते. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली चुकांकडे शिकणाऱ्याच्या मनातील भाषाव्यवस्थेचा पुरावा म्हणून पाहावे असे सुचविले. पुढे १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या व्यवस्थेस 'अंतरभाषा' ही संकल्पना दिली. चीनमध्ये गुई शिचुन व यांग हुइझोंग यांनी चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनाचा सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह तयार केला. त्यात चुका वर्गवारीने नोंदविलेल्या असून तो २००३ साली प्रसिद्ध झाला. सर्वच चुका मातृभाषेमुळे होत नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. 'गो' चे भूतकाळी रूप 'गोड' असे करणारा विद्यार्थी कोणत्याही भाषेचा असू शकतो. इंग्रजी मातृभाषा असलेले मूलही तसे करते. परंतु पुढील चार ठिकाणी चिनी भाषेची ओढ स्पष्ट दिसते.

(अ) काळ आणि क्रियाव्याप्ती : चिनी क्रियापदाला काळ, पुरुष किंवा वचन यांनुसार विकार होत नाही. 'काल', 'उद्या', 'रोज' हे शब्द काळ सांगतात, क्रियापद तेच राहते. क्रियेची व्याप्ती दाखविण्यासाठी 'ल', 'ग्वो', 'ज' असे निपात येतात. 'ल' पूर्णता किंवा परिस्थितीतील बदल दाखवितो, 'ग्वो' पूर्वानुभव दाखवितो, तर 'ज' चालू असलेली स्थिती दाखवितो. अनेक विद्यार्थी 'ल' म्हणजे भूतकाळ असे समीकरण मनात बांधतात. परंतु 'उद्या जेवण झाल्यावर निघू' या अर्थाच्या चिनी वाक्यातही 'ल' येतो. पूर्णता वेगळी आणि भूतकाळ वेगळा, हे समजल्याखेरीज इंग्रजीतील साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतील भेद कितीही प्रश्न सोडवून हाती येत नाही. येथे सराव प्रश्नापाशी थांबून दोन गोष्टी विचारणारा हवा : क्रिया केव्हा घडली? आणि तिचा आताच्या क्षणाशी संबंध सांगावयाचा आहे काय?

(आ) उपपदे आणि वचन : चिनीत 'अ', 'द' यांसारखी उपपदे नाहीत आणि वस्तुवाचक नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. संख्या सांगताना संख्या व नाम यांच्यामध्ये मापक शब्द येतो. पुस्तकांसाठी एक, सपाट वस्तूंसाठी दुसरा, लांबट वस्तूंसाठी तिसरा. म्हणून नाम गणनीय आहे की नाही हा प्रश्न चिनी भाषकाच्या मनात इंग्रजी पद्धतीने उभाच राहत नाही. उपपदाचे नियम पाठ करून घेण्यापेक्षा ही वस्तू वाचकाला आधीपासून ठाऊक आहे काय, असा प्रश्न उताऱ्यातील प्रत्येक नामाला विचारण्याची सवय अधिक उपयोगी पडते. असा प्रश्न सुट्या वाक्यावर विचारता येत नाही. त्यासाठी उतारा लागतो.

(इ) वाक्यांची जोडणी : चिनीत 'स्वेइरान… दानशि' ही जोडी 'जरी… तरी' या अर्थाने आणि 'यिनवेइ… स्वोयि' ही जोडी 'कारण… म्हणून' या अर्थाने येते. इंग्रजीत दोहोंपैकी एकच उभयान्वयी पुरेसे असते. यामुळे 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट' असे वाक्य विद्यार्थ्यास मुळीच खटकत नाही. याउलट, उभयान्वयी न वापरता स्वल्पविरामाने अनेक लहान वाक्ये एकापुढे एक मांडणे चिनीत स्वाभाविक आहे. ल्यू शुश्यांग यांनी अशा वाक्याला वाहत्या पाण्याची उपमा दिली आहे. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे चूक ठरते. 'देअर आर मेनी पीपल लाइक टी' हे वाक्यही याच मुळातून येते. चिनीत 'आहेत पुष्कळ लोक आवडतो चहा' अशी रचना चालते. इंग्रजीत दुसऱ्या क्रियापदापूर्वी 'हू' यावे लागते किंवा पहिले क्रियापद गाळावे लागते.

(ई) शब्दजाती : एकच चिनी शब्द रूप न बदलता नाम आणि क्रियापद या दोन्ही नात्यांनी येऊ शकतो. इंग्रजीत 'सक्सेस', 'सक्सीड', 'सक्सेसफुल', 'सक्सेसफुली' ही चार रूपे चार जागी बसतात. व्याकरणाच्या उताऱ्यात मूळ रूप देऊन योग्य रूप मागण्याचा प्रश्न नेमक्या याच दुबळ्या जागी बोट ठेवतो. 'ही सक्सेस इन द एक्झाम' असे लिहिणाऱ्याला शब्द येतो, अर्थही येतो. शब्दाची जागा तेवढी येत नाही.

या चौघांपेक्षा सूक्ष्म असा एक प्रकार जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ साली दाखवून दिला. फारसी, अरबी, चिनी आणि जपानी भाषकांच्या इंग्रजी लेखनातील संबंधी उपवाक्यांची त्यांनी तुलना केली. चिनी व जपानी विद्यार्थ्यांच्या या रचनेतील चुका कमी आढळल्या. परंतु त्यांनी ही रचनाच मुळात फार कमी वेळा वापरली होती. जी रचना कठीण वाटते ती विद्यार्थी टाळतो आणि टाळलेल्या रचनेची चूक उत्तरपत्रिकेत दिसत नाही. बहुपर्यायी प्रश्नांत तर ही पळवाट अधिकच झाकली जाते, कारण तेथे रचना विद्यार्थ्याने करावयाची नसून ओळखावयाची असते. म्हणून चूक नाही याचा अर्थ ज्ञान आहे असा होत नाही, ही गोष्ट परीक्षकाने आणि अध्यापकानेही ध्यानात ठेवावयास हवी.

४. शब्दसंग्रह : यादी आणि सहवास

चिनी शब्दांची घडण बरीच पारदर्शक आहे. संगणकाला 'द्येननाओ' म्हणजे 'विजेचा मेंदू', दूरध्वनीला 'द्येनह्वा' म्हणजे 'विजेचे बोलणे' आणि चित्रपटाला 'द्येनयिंग' म्हणजे 'विजेची छाया' म्हणतात. डुकराचे मांस 'जूरोऊ' आणि गोमांस 'न्यूरोऊ'. दोहोंत प्राण्याचे नाव आणि 'रोऊ' म्हणजे मांस. महिन्यांना तर पहिला महिना, दुसरा महिना अशीच नावे आहेत. अशा भाषेतून आलेल्या विद्यार्थ्याला 'पिग' आणि 'पोर्क', 'मंथ' आणि 'जानेवारी' यांत कोणताही दुवा दिसत नाही. प्रत्येक इंग्रजी शब्द त्याला स्वतंत्र ओझे वाटते, आणि हे ओझे उचलण्याचा त्याचा मार्ग म्हणजे शब्दांची यादी.

वर्णक्रमाने लावलेल्या या याद्यांच्या आरंभी 'अबँडन' हा शब्द येतो. त्याचा अर्थ 'सोडून देणे'. यादीचा पहिलाच शब्द पाठ करून विद्यार्थी यादीच सोडून देतो, हा चिनी विद्यार्थ्यांतील सर्वपरिचित विनोद आहे. विनोद बाजूला ठेवला तरी वर्णक्रमाच्या यादीत दोन दोष राहतात. एक म्हणजे एकमेकांसारखे दिसणारे शब्द शेजारी येऊन गोंधळ वाढवितात. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एका इंग्रजी शब्दासमोर एक चिनी शब्द लिहिला की दोहोंचा वापरही सारखाच असेल असे विद्यार्थी गृहीत धरतो. चिनीत दिवा 'उघडतात', म्हणून 'ओपन द लाइट' येते. औषध 'खातात', म्हणून 'ईट मेडिसिन' येते. पाऊस 'मोठा' असतो, म्हणून 'हेवी रेन' ऐवजी 'बिग रेन' येते. पुस्तक 'पाहणे' आणि पुस्तक वाचणे यांस एकच क्रियापद असल्याने 'लुक', 'सी', 'वॉच' आणि 'रीड' यांची सरमिसळ होते. शब्दांच्या अशा नियमित सहवासाची नोंद यादीत होत नाही; ती वाक्यातच होते. म्हणून वहीत शब्द न लिहिता शब्दजोडी लिहावी, हा साधा बदल मोठा फरक घडवितो.

चिनी विद्यार्थ्याकडे एक जमेची बाजूही असते. चिनी लिपिचिन्हे घटकांची बनलेली असतात. पाण्याशी संबंधित अनेक चिन्हांत पाण्याचा घटक दिसतो. घटकावरून अर्थाचा अंदाज बांधण्याची ही सवय इंग्रजीतील उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय शिकविताना कामी येते. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे हे कळले की 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट', 'ट्रान्सपोर्ट', 'पोर्टेबल' हे शब्द एका कुटुंबात बसतात. प्रत्ययांचा अभ्यास शब्दजातीच्या चुकाही कमी करतो आणि जादा शब्द असलेल्या उताऱ्यात पर्याय आधी शब्दजातीनुसार वेगळे करण्यास मदत करतो.

किती शब्द पुरेत? चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या २००७ च्या महाविद्यालयीन इंग्रजी आराखड्यात सामान्य स्तरासाठी सुमारे ४,८०० शब्दांची अपेक्षा होती. पॉल नेशन यांच्या २००६ च्या अभ्यासानुसार कादंबरी किंवा वृत्तपत्र विनासायास वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात. त्यामागे मजकुरातील ९८ टक्के शब्द परिचित असावेत हे गृहीतक आहे. तीनशे शब्दांच्या उताऱ्यात ९८ टक्के परिचय म्हणजे सहा शब्द अपरिचित आणि ९५ टक्के परिचय म्हणजे पंधरा. सहा शब्दांचा अर्थ संदर्भाने लावता येतो. पंधरा शब्द अडले तर संदर्भच हातातून निसटतो. म्हणून सरावासाठी उतारा निवडताना 'परीक्षेइतका कठीण' हा एकच निकष ठेवणे योग्य नाही. संदर्भावरून अर्थ लावण्याचे कौशल्य सोप्या उताऱ्यावरच कमावता येते.

५. वाचन : व्याकरणाची खरी परीक्षा

चिनी मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. शब्द कोठे संपतो हे वाचक अर्थावरून ठरवितो. इंग्रजीत शब्द सुटे असतात, परंतु विशेषणात्मक उपवाक्य नामाच्या नंतर येते. 'द बुक दॅट माय टीचर गेव्ह मी येस्टरडे' या इंग्रजी रचनेसाठी चिनीत 'शिक्षकांनी काल मला दिलेले पुस्तक' असा क्रम असतो. आपली मराठी धातुसाधिताची रचना या चिनी क्रमाशी मिळती आहे. वर्णन आधी आणि नाम शेवटी या सवयीच्या वाचकाला इंग्रजी वाक्यात नाम सापडते. परंतु त्यामागून आलेले वर्णन कोठे संपते हे सापडत नाही.

'द मॅन हू वॉज अरेस्टेड आफ्टर द फायर दॅट डिस्ट्रॉइड द मार्केट वॉज रिलीज्ड' हे वाक्य पाहावे. यातील प्रत्येक शब्द परिचित असूनही सुटका कोणाची झाली हे अनेकांना चटकन सांगता येत नाही. येथे शब्दसंग्रह कमी पडत नाही, वाक्यरचना कमी पडते. चीनमधील पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीत 'लांब व कठीण वाक्ये' हा सरावाचा स्वतंत्र प्रकार आहे, तो याच कारणाने. त्याची पद्धत अशी सांगता येईल : प्रथम काळवाचक क्रियापदे शोधावीत, नंतर 'हू', 'दॅट', 'आफ्टर' यांसारख्या शब्दांनी सुरू होणारी उपवाक्ये कंसात टाकावीत, उरलेल्या भागातून मुख्य कर्ता व मुख्य क्रियापद यांची जोडी लावावी. तथापि हे विश्लेषण म्हणजे वाचन नव्हे. विश्लेषण झालेले वाक्य पुन्हा डावीकडून उजवीकडे, न थांबता, दोनतीनदा वाचून घेतले तरच वेग येतो. चौथ्या स्तराच्या परीक्षेत वाचनाच्या संपूर्ण विभागासाठी ४० मिनिटे असतात. प्रत्येक वाक्याची चिरफाड करण्यास तेथे अवधी नसतो.

दुसरी अडचण तयार युक्त्यांची आहे. प्रश्न आधी वाचावेत, त्यातील मुख्य शब्द उताऱ्यात शोधावा आणि आजूबाजूचे वाक्य पाहून पर्याय निवडावा, अशी युक्ती सर्वत्र सांगितली जाते. ती निरुपयोगी नाही. परंतु प्रश्न रचणाऱ्यालाही ती ठाऊक असते. म्हणून चुकीच्या पर्यायात उताऱ्यातील शब्द जसेच्या तसे घेतले जातात आणि योग्य पर्याय वेगळ्या शब्दांत मांडला जातो. उताऱ्यात 'फ्यू ऑफ द व्हिलेजर्स न्यू अबाउट द स्कीम' असे वाक्य आहे असे समजू. त्याचा अर्थ योजनेची माहिती जवळजवळ कोणालाच नव्हती. 'अ फ्यू' असते तर काही जणांना होती असा अर्थ झाला असता. उपपदाला शोभेची वस्तू मानणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो. त्याचे उत्तर वाचनाच्या प्रश्नात चुकले, गुणपत्रकात वाचनाचे गुण कमी झाले, आणि शिक्षकाने त्याला आणखी दहा उतारे सोडविण्यास सांगितले. चूक मात्र उपपदाची होती. विभागवार सराव अपुरा का, याचे हे नमुनेदार उदाहरण होय.

६. सरावाची फेरमांडणी

चिनी विद्यार्थ्यांमध्ये चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवण्याची चांगली प्रथा आहे. परंतु वहीत पुष्कळदा प्रश्न आणि बरोबर उत्तर एवढेच उतरविले जाते. त्यामुळे विद्यार्थ्याला ते विशिष्ट उत्तर पाठ होते. तीच चूक दुसऱ्या वेषात आली की पुन्हा घडते. या वहीलाच निदानाचे साधन बनविता येईल. त्यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

(१) प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे. कारणे पाचच ठेवावीत : मातृभाषेची ओढ, इंग्रजीतील अपवाद, शब्द किंवा शब्दजोडी अपरिचित, वाक्यरचना न उलगडणे, आणि वेळ किंवा अवधान.

(२) मातृभाषेची ओढ हे कारण असेल तेथे तेच वाक्य मातृभाषेत लिहून दोन्ही रचना समोरासमोर ठेवाव्यात. भेद डोळ्यांना दिसला की नियम पाठ करण्याची गरज कमी होते.

(३) बरोबर उत्तराखेरीज उरलेले पर्याय का चूक आहेत हेही एका वाक्यात सांगावे. अंदाजाने बरोबर आलेले उत्तर यामुळे उघडे पडते.

(४) आठवड्यानंतर तीच रचना वापरून स्वतःचे एक वाक्य आणि महिन्यानंतर एक परिच्छेद लिहावा. शॅक्टर यांनी दाखविलेली टाळाटाळ येथेच पकडता येते, कारण ओळखण्याकडून वापरण्याकडे जाणे येथे अपरिहार्य असते.

(५) परीक्षेच्या धर्तीच्या उताऱ्यांसोबत त्याहून सोपे वाचन नियमित ठेवावे. परिचित रचना वारंवार भेटल्याने वेग वाढतो.

या पद्धतीत प्रश्नांची संख्या घटते आणि प्रत्येक प्रश्नास लागणारा वेळ वाढतो. म्हणून ती शिकवणीच्या बाजारपेठेस सोयीची नाही. पण वर्गातील अध्यापकास ती शक्य आहे. चीनमध्ये २०२१ साली सक्तीच्या शिक्षणाच्या वयातील मुलांसाठी नफ्याकरिता चालणाऱ्या विषयवार शिकवण्यांवर शासनाने कठोर निर्बंध घातले. तेव्हापासून शालेय पातळीवर ही जबाबदारी पुन्हा शाळेकडे वळली आहे.

७. मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. चीनने २००१ साली तिसरीपासून इंग्रजी सुरू करण्याचे धोरण स्वीकारले. दोन्हीकडे इंग्रजी ही संधीची भाषा आहे आणि दोन्हीकडे ती परीक्षेच्या वाटेने येते. चुकांतही काही साम्य आढळते. मराठीतही उपपदे नाहीत. 'जरी… तरी' ही जोडी मराठीतही असल्याने 'ऑल्दो… बट' ही चूक आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत परिचित आहे.

भेद मात्र अधिक बोलके आहेत. मराठी क्रियापद काळानुसार बदलते, त्यामुळे भूतकाळी रूप न वापरण्याची चिनी चूक आपल्याकडे त्या प्रमाणात होत नाही. त्याऐवजी 'मी येथे दहा वर्षे राहत आहे' या रचनेवरून 'आय एम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' असे वाक्य येते. प्रश्नपत्रिकेतील रिकामी जागा तीच, पूर्ण वर्तमानकाळाची. चिनी विद्यार्थी तेथे एका कारणाने चुकतो आणि मराठी विद्यार्थी दुसऱ्या. उत्तरसूचीला दोघेही सारखेच चूक दिसतात. अध्यापकाला ते सारखे दिसू नयेत, एवढीच अपेक्षा आहे.

८. निष्कर्ष

(१) गाओकाओ व कॉलेज इंग्लिश टेस्ट या परीक्षा सुट्या नियमांकडून सलग मजकुराकडे वळल्या आहेत. सरावानेही त्याच दिशेने वळावयास हवे.

(२) चिनी भाषकांच्या काळ, उपपद, वाक्यजोडणी व शब्दजाती यांविषयीच्या अनेक चुकांचे मूळ मातृभाषेच्या रचनेत असून ते आधीच हेरता येते.

(३) टाळलेली रचना चूक म्हणून दिसत नाही. केवळ बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावातून तिचा शोध लागत नाही. त्यासाठी लेखन आवश्यक आहे.

(४) शब्द यादीत पाठ होतो, परंतु शब्दजोडी आणि शब्दजाती यांचे ज्ञान वाचनातूनच पक्के होते.

(५) वाचनातील चूक पुष्कळदा व्याकरणाची असते. म्हणून गुण कोठे गेले यापेक्षा ते का गेले याची नोंद ठेवणे हाच सरावाचा गाभा होय.

चिनी विद्यार्थ्याच्या कष्टाळूपणाबद्दल शंका घेण्यास जागा नाही. आपल्याकडील ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्याच्याही नाही. कष्ट करूनही भाषा येत नाही तेव्हा विद्यार्थी स्वतःलाच दोष देतो. त्या दोषाचे खरे स्थान दाखवून देणे हे अध्यापकाचे काम आहे, आणि त्यासाठी अध्यापकाला इंग्रजीइतकीच विद्यार्थ्याची मातृभाषा जाणून घ्यावी लागते.